होडीत चालेल अशी दुर्बीण: निकॉन प्रोस्टाफ पी३, ८×४२

कर्ली खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर, मालवणजवळ, आमचं देवबाग. एका अंगाला कांदळवन, दुसऱ्या अंगाला सुरूची झाडं आणि किनारा. आमच्या घरी पाहुणे राहतात, मिस्टरांची होडी आहे, आणि सकाळच्या फेरीला पक्षी दाखवायला मी स्वतः होडीत बसते. म्हणजे दुर्बीण ही माझी रोजच्या कामाची वस्तू. सध्या माझ्याकडे निकॉनची प्रोस्टाफ पी३, ८×४२ आहे. निघताना पाहुणे हमखास विचारतात, "काकी, आम्ही कुठली घेऊ?" घाईत बॅगा भरताना नीट सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. किनाऱ्यावर, खाडीत, होडीत वापरायला एकच दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ घ्या, आणि ती पूर्ण सीलबंद, आत नायट्रोजन (कोरडा वायू, त्याने आतल्या काचेवर धुकं धरत नाही) भरलेली असू द्या. "किती पट मोठं दिसतं?" हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. आमच्याकडे तो बराच नंतर यायला हवा.

८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापाशी उजेडाची जी गोल चकती येते तिचा व्यास मिळतो. इथे ती सव्वापाच मिलिमीटरची आहे. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे केली की मागच्या भिंगात ती चकती स्पष्ट दिसते. १०×४२ मध्ये तीच ४.२ मिलिमीटर होते, आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम ३. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली बारीक असते तेव्हा हा फरक कळत नाही. पण आमची फेरी निघते तेव्हा नुकतं उजाडत असतं. कांदळवनाच्या मुळांत अजून अंधार असतो, आणि काळ्या टोपीचा खंड्या नेमका त्या अंधारात बसलेला असतो. त्या वेळी बाहुली मोठी झालेली असते आणि सव्वापाचची चकती तिला पुरते. खिशातल्या दुर्बिणीतून तिथे नुसता काळपट आकार दिसतो. मोठ्या चकतीचा आणखी एक फायदा आहे. होडी हलली, डोळा थोडा इकडेतिकडे सरकला, तरी चित्र चटकन काळं होत नाही.

मग जहाजावर वापरतात तशी ७×५० का नको? तिची चकती सातच्या वर जाते, आणि तरुण डोळ्याची बाहुली अंधारात तेवढी उघडते. वय वाढलं की ती तेवढी उघडत नाही. माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईला तो जादा उजेड डोळ्यात घेताच येत नाही, आणि ते किलोभर वजन मात्र गळ्यात राहतं. पी३चं वजन ५६५ ग्रॅम आहे. सकाळभर मान दुखत नाही.

घेताना मिस्टरांचं म्हणणं होतं, "दहा घे गो, आठात काय दिसतला?" किनाऱ्यावर पाय रोवून उभं राहायचं असेल तर दहाला माझी हरकत नाही. पण दुर्बीण पक्ष्याला आठपट करते तसा हाताचा कंपही आठपट करते, आणि दहाची दहापट. त्यात होडी डुलते आणि इंजिन थरथरतं. एक गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. इंजिन चालू असताना कोपर होडीच्या काठावर टेकवू नका. आधार मिळाला असं वाटतं, पण सगळी थरथर तिथूनच हातात चढते. कोपरं पोटाशी घट्ट धरा, पाठ सरळ ठेवा आणि कमरेतून होडीबरोबर हला. बघण्यासारखं काही दिसलं की आम्ही इंजिन बंदच करतो. तरीसुद्धा दहापटीतून डॉल्फिनची पाठ शोधताना नवख्या माणसाला पाणीच पाणी दिसतं. पाठ वर येते आणि बुडते, तेवढ्यात दुर्बीण तिथे पोचलेली नसते.

दहापटीत दृश्याचा घेर फार लहान होतो असं नेहमी ऐकायला मिळतं. या मालिकेपुरतं ते खरं नाही. निकॉनच्या आकड्यांनुसार १००० मीटरवर पी३ ८×४२ मध्ये १२६ मीटरचा पट्टा दिसतो आणि पी३ १०×४२ मध्ये १२२ मीटरचा. फरक नगण्य आहे. खरा फरक आहे तो डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं यात. आठपटीत ते अंतर २०.२ मिलिमीटर आहे, दहापटीत १५.७. चष्मा नसेल तर याने काही बिघडत नाही. चष्मा असेल तर सगळा खेळ याच आकड्यावर. माझ्या होडीत अर्ध्याहून जास्त माणसं चष्म्याची असतात, आणि चष्मा काढून दुर्बीण लावली की पुन्हा नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधायला चष्मा हवाच. पी३ची रबरी डोळवाटी फिरवून खाली केली की चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो. चष्मा नसलेल्याने तीच वाटी वर करून घ्यायची, नाहीतर चित्रात काळ्या सावल्या नाचतात. "मला नीट दिसत नाही हो" म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा याने सुटते.

दुसरी अडचण दोन डोळ्यांतल्या फरकाची असते. उजव्या भिंगाजवळची बारीक रिंग त्यासाठीच दिलेली आहे. उजवा डोळा झाकायचा, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबचं एखादं झाड स्पष्ट करायचं, मग डावा डोळा झाकून तेच झाड उजव्या रिंगेने स्पष्ट करायचं. एकदा केलं की नंतर फक्त मधलं चाक. हातोहात फिरणारी दुर्बीण असेल तर प्रत्येकाने हे परत करावं लागतं, आणि निघण्याआधी धक्क्यावरच मी ते करून घेते. लहान मुलांचं वेगळं आहे. पूर्ण आकाराच्या बहुतेक दुर्बिणी ५६ मिलिमीटरच्या खाली मिटत नाहीत आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी असतं. त्याला दोन गोल एक होऊन दिसतच नाहीत. त्याला एकाच डोळ्याने बघू द्यावं, उगाच "दिसलं का, दिसलं का" करू नये.

आता मिठाविषयी. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हा भाग नीट वाचावा.

जुन्या घाटाच्या, खांदे असलेल्या दुर्बिणी असतात त्यांना पोरो म्हणतात, आणि सरळ दोन नळ्यांच्या असतात त्या रूफ. तेवढ्याच पैशात पोरोचं चित्र बहुधा सरस असतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. ऑलिम्पसची ८×४० डीपीएस-आय आपल्याकडच्या पुष्कळ पक्षीमित्रांनी वापरली आहे. तिचा दृश्यकोन ८.२ अंशांचा, म्हणजे पी३च्या ७.२ पेक्षा चांगलाच मोठा. देशावर राहणाऱ्याने, कोरड्या हवेत बघणाऱ्याने तिचा जरूर विचार करावा. पण ती जलरोधक नाही. अशा पोरोत चाक फिरवलं की मागची दोन्ही भिंगं पुढेमागे सरकतात आणि दर वेळी बाहेरची हवा आत ओढली जाते. आमच्याकडे ती हवा दमट आणि खारी. पावसाळ्यात होड्या ओढून वर ठेवलेल्या असतात, दुर्बीण कपाटात पडून असते, आणि आत बुरशीला आयतं घर मिळतं. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. ते वेळेत साफ झाले नाहीत तर काचेवरचा चकाकी कमी करणारा पातळ लेपही खातात. सरळ नळ्यांच्या सीलबंद दुर्बिणीत आतलं भिंग आतल्या आतच सरकतं, त्यामुळे ती बाहेरची हवा घेत नाही. पी३ १ मीटर पाण्यात १० मिनिटं टिकते असं कंपनी सांगते. पाण्यात बुडवायची वेळ कशाला येते? पण संगमावर लाट आडवी आली की होडीतलं सगळं नखशिखान्त भिजतं, ते आमच्या रोजच्या माहितीतलं आहे.

भिजली की पुसायची नाही. लगेच रुमाल किंवा पदर काढून पुसलं तर मिठाचे बारीक खडे काचेवर घासले जातात आणि लेपावर ओरखडे उठतात. घरी येऊन आधी गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची (फक्त सीलबंद दुर्बिणीवर), पाणी निथळू द्यायचं, मग चष्म्याच्या मऊ फडक्याने हलक्या हाताने टिपायचं. रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायची. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला असं समजून ते मंद आचेवर कढईत परतले की पुन्हा निळे होतात. सीलबंद दुर्बिणीच्याही बाहेरच्या काचेवर बुरशी येऊ शकते, म्हणून डबा तिलाही लागतोच. चामड्याची किंवा कापडी पिशवी पावसाळ्यात अजिबात नको, ती ओल धरून ठेवते.

स्वस्त दुर्बिणींबद्दल सांगायलाच हवं. मावसभावाने ऑनलाइन मागवलेली एक दुर्बीण आमच्या घरी आली होती. नाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं, काचा लालभडक होत्या आणि डब्यावर पटीचा आकडा भलामोठा. सासूबाईंनी अंगणातून सुरूच्या शेंड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माका दोन काकण दिसतत गो!" काकण म्हणजे आमच्याकडचा समुद्री गरुड. झाडावर एकच होता. दोन नळ्या एका रेषेत नसल्या की असं होतं, आणि थोडंसंच वाकडं असलं तर चित्र दोन दिसत नाही, पण डोळे ते जुळवत बसतात आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. त्या लाल लेपाने लाल उजेड परतवला जातो, त्यामुळे सगळं हिरवट-निळसर दिसतं. ब्राह्मणी घारीचा विटकरी रंगच जर गेला तर बघायचं काय? झूमवाल्या दुर्बिणींत घेर इतका लहान असतो की उडता पक्षी सापडतच नाही. त्याही नकोत.

दुकानात जाऊनच घ्या. आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. दुकानदार भला माणूस होता, त्याने दुर्बीण रस्त्यावर नेऊन बघू दिली. समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरं मधोमध आणि कडेलाही वाचता येतात का ते बघा. आभाळासमोर विजेच्या तारेकडे बघा, तिला जांभळी कडा किती दिसते ते कळेल. पी३त ती थोडी दिसते, कडेला अक्षरंही किंचित मऊ होतात. या किमतीला ते मला मान्य आहे. हातभर लांब धरल्यावरच्या त्या दोन चकत्या पूर्ण गोल हव्यात, चौकोनी कापल्यासारख्या नकोत.

रंगाची परीक्षा मी हिवाळ्यात कुरवांवर (सीगल पक्ष्यांवर) घेतली. वाळूच्या दांड्यावर थवा बसलेला असतो. त्यातले तपकिरी डोक्याचे कोणते आणि काळ्या डोक्याचे कोणते, हे हिवाळ्यात डोक्यावरून सांगता येत नाही, कारण दोघांचीही डोकी पांढरी झालेली असतात. तपकिरीवाल्याचा डोळा फिकट असतो आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका असतो. पी३तून जवळच्या कुरवांचा डोळा स्वच्छ कळतो. पलीकडच्या काठावर, भोगव्याच्या बाजूला बसलेल्यांचा नाही कळत. ते तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपचं, म्हणजे एका नळीच्या मोठ्या दुर्बिणीचं काम आहे, आणि तो हलत्या होडीत लावून उपयोग नाही.

उणीव सांगायची तर जवळचं बघायला ही दुर्बीण फार चांगली नाही. ३ मीटरच्या आतलं स्पष्ट होत नाही. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलातले छोटे मासे) होडीतून छान दिसतात, पण अंगणातल्या जास्वंदीवरचं फुलपाखरू बघायला दोन पावलं मागे जावं लागतं. फुलपाखरांचीच आवड असेल तर दुसरी शोधा. फक्त चालत फिरणाऱ्याला, दिवसाउजेडी बघणाऱ्याला याच मालिकेतली ८×३० बरी पडेल, ती ४८५ ग्रॅमची आहे आणि घेर आणखी मोठा आहे, पण पहाटेचा उजेड तिच्यात कमी येतो. आणि रक्कम पाच आकडी आहे, हे घरी आधी बोलून ठेवा.

संध्याकाळी किनाऱ्यावर मावळता सूर्य दुर्बिणीतून बघायची हौस पाहुण्यांना फार असते. मी दुर्बीण सरळ काढून घेते. तांबडा दिसला तरी तो सूर्यच, दुर्बिणीतून त्याच्याकडे बघितलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. राग आला तरी चालेल.

दुर्बीण असली की होडी जवळ नेण्याचा हट्ट कमी होतो, याचं मला सगळ्यात समाधान आहे. डॉल्फिनच्या मागे होड्या लावून त्यांना हैराण करायची गरज उरत नाही. काकणाच्या घरट्याखाली जाऊन उभं राहायची तर मुळीच नाही. विणीच्या दिवसांत आम्ही त्या सुरूपासून लांब होडी थांबवतो, दुर्बीण एकेकाच्या हातात जाते, आणि घरट्यावर बसलेल्या मादीने मान वळवून आमच्याकडे बघितलं तर आणखी मागे सरतो.