पीजीबाउन्सर: सात महिने आणि एक आंब्याचा हंगाम

पीजीबाउन्सर म्हणजे ॲप आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसून मोजकीच कनेक्शनं सगळ्यांना आळीपाळीने वापरू देणारं अवजार; ते आम्ही का बसवलं, त्याची ही गोष्ट. आमचं सॉफ्टवेअर मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी आहे. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, उचल, सगळा हिशोब त्यात. त्यामुळे बाकीचं पुणं साखरझोपेत असतं तेव्हा आमच्या डेटाबेसवर झुंबड असते. रविवारी आवक जास्त, म्हणून रविवारी तर विचारूच नका. हिवाळ्यात सलग तीन रविवार पहाटे सर्व्हर पडला आणि दर वेळी फोनवर तेच वाक्य: "साहेब, पट्टी निघंना, शेतकरी गाळ्यावर उभाय."

डेटाबेस पोस्टग्रेस १५, रॅम ३२ जीबी. लॉगमध्ये दिसायचं की एक प्रोसेस (प्रत्येक कनेक्शनमागे एक असते) सिग्नल ९ ने, म्हणजे सक्तीने, मारली गेली आणि पाठोपाठ सगळीच कनेक्शनं तुटली. ही मागची तोडातोड पोस्टग्रेस स्वतः करतो. एक प्रोसेस अशी अचानक मेली की सामाईक मेमरीत तिने काय अर्धवट लिहून ठेवलंय याचा भरवसा नसतो, म्हणून तो सगळ्यांना बाहेर काढून रिकव्हरीत जातो. मूळ मारेकरी लिनक्सचा ओओएम किलर, मेमरी संपली की प्रोसेस मारून जागा करणारा. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या नोंदींत, तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, आम्ही ते तिसऱ्या रविवारी वाचलं.

मग जे सगळे करतात तेच केलं. रॅम दुप्पट. ६४ जीबी. दोन रविवार बरे गेले, तिसऱ्याला पुन्हा तेच.

त्यानंतरचे दोन दिवस मी वाया घालवले, हे कबूल करतो. टॉपमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीत, एकेक प्रोसेस नऊ-नऊ जीबी खाताना दिसत होती. मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न सोडणं) सापडला म्हणून मी ऑफिसभर सांगितलंसुद्धा. शांतपणे बेरीज केली तर आकडा रॅमच्या कितीतरी पुढे गेला, तेव्हा ट्यूब पेटली. टॉपमधला मेमरीचा आरईएस रकाना शेअर्ड बफर्सची, म्हणजे सगळ्या प्रोसेसच्या सामाईक मेमरीची, तीच ती पानं प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजतो. प्रत्येकाचा खरा वाटा बघायचा तर लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या स्मॅप्स फाइलमध्ये पीएसएस बघावा लागतो, तो सामाईक पानं वाटून मोजतो. तो बघितला आणि लीक गायब.

खरा हिशोब वर्क-मेमचा, म्हणजे क्वेरीच्या कामासाठीच्या मेमरीच्या मर्यादेचा होता. मूळ मूल्य ४ एमबी असतं, आमच्या आधीच्या कुणीतरी ६४ करून ठेवलेलं. ही मर्यादा कनेक्शनला नसते, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला (क्रम लावणं) आणि हॅशला (जुळणी-गटवारीचा तक्ता) वेगळी असते, आणि १५ व्या आवृत्तीपासून हॅशला मुळातच दुप्पट सूट आहे. आमच्या 'दिवसाचा गोषवारा' स्क्रीनच्या क्वेरीत दोन हॅश आणि एक सॉर्ट, म्हणजे जास्तीत जास्त ३२० एमबी. हा गोषवारा लॉगिन केल्या केल्या आपोआप उघडतो! दीडशे जणांनी एकदम ॲप उघडलं तर सुमारे ४७ जीबी, वर शेअर्ड बफर्सचे १६. उरलं काय? मॅक्स-कनेक्शन्स, म्हणजे कनेक्शनांची कमाल मर्यादा, ८०० ठेवलेली असल्यामुळे दारावर अडवणारं कुणीच नव्हतं.

म्हणून पीजीबाउन्सर. स्काइपमध्ये जन्मलेलं, २००७ पासूनचं जुनं अवजार. वर्क-मेम ८ एमबीवर आणला, रिपोर्टवाल्या रोललाच (डेटाबेसच्या वापरकर्त्यालाच) तेवढा अल्टर रोल करून ६४ ठेवला, पूल, म्हणजे आतल्या कनेक्शनांचा साठा, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (एका व्यवहारापुरतंच कनेक्शन हातात) ४० चा. बाहेर सातशे-आठशे मोबाईल आणि काउंटर, आत चाळीसच कनेक्शनं. अख्खा हापूसचा हंगाम गेला, ओओएम किलर एकदाही आला नाही. पीजीबाउन्सर स्वतः एका कनेक्शनला २ केबीच्या आसपास मेमरी घेतो, म्हणजे त्याचं ओझं नाहीच.

आता तक्रारी. पहिल्याच आठवड्यात पट्टीचे नंबर अडकले. आम्ही नंबर देताना सेशनचं, म्हणजे अख्ख्या कनेक्शनला चिकटलेलं, ॲडव्हायझरी लॉक (ॲपने स्वतः मागून लावायचं कुलूप) घ्यायचो. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन दुसऱ्याच्या हातात जातं. लॉक घेतलं एका कनेक्शनवर, सोडायला गेलो भलत्याच. एका गाळ्याची पट्टी थांबली की मागे रांग. ट्रान्झॅक्शनपुरतं लॉक देणारं फंक्शन वापरलं आणि सुटलो, पण हे वाचून समजलं नव्हतं, भोगून समजलं. डेटाबेसकडून सूचना ऐकायची लिसन कमांडही या मोडमध्ये चालत नाही, त्यासाठी एक थेट कनेक्शन ठेवलंय.

दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी. आमचा कोड ट्रान्झॅक्शन उघडून, पट्टी लिहून, शेतकऱ्याला एसएमएस पाठवून मग कमिट (ट्रान्झॅक्शन पक्कं) करायचा. आठशे कनेक्शनं होती तोवर हे पाप खपत होतं. एका सकाळी एसएमएसवाल्यांची सेवा रेंगाळली आणि चाळीसच्या चाळीस कनेक्शनं 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामी, होऊन बसली. पीजीबाउन्सरच्या शो पूल्स यादीत वाट पाहणारे २१०, सर्व्हरचा सीपीयू मात्र निवांत. १२० सेकंद झाले की पीजीबाउन्सर ताटकळलेल्यांना हाकलतो, त्यामुळे गाळ्यांवर एकदम एरर. एसएमएस कमिटनंतर रांगेत टाकला आणि आयडल-इन-ट्रान्झॅक्शनला १५ सेकंदांचा टाइमआउट लावला, जो मुळात बंदच असतो.

आणखी एक, पीजीबाउन्सरचा दोष नाही पण तो बसवला त्याच रात्री केलेला उद्योग: लिनक्सचं ओव्हरकमिट २ वर टाकलं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपुढे मेमरी कबूलच करायची नाही, आणि ती मर्यादा ठरवताना रॅमचे किती टक्के धरायचे ते सांगणारा रेशो मूळ ५० वरच ठेवला. निम्मी रॅम मोकळी असताना सर्व्हर 'मेमरी नाही' म्हणायला लागला, दुरून लॉगिन करायचं एसएसएचसुद्धा आत घेईना. रेशो ८० केल्यावर जमलं.

अजून खटकतं ते एवढंच की स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या चालू कनेक्शनांच्या यादीत, आता सगळ्यांचा पत्ता पीजीबाउन्सरचाच दिसतो. कुणाच्या क्वेरीने दम काढला हे शोधायला ॲप्लिकेशन-नेम (कनेक्शनला दिलेलं ओळखीचं नाव) प्रत्येक काउंटरवरून नीट पाठवावा लागतो. निम्म्या गाळ्यांवर ते झालंय. उरलेल्यांकडे ॲप अपडेट करायला दुपारी तीननंतर जावं लागतं, त्याआधी कुणी दाद देत नाही.