लग्नाच्या भेटीसाठी मुरणारी रेड वाईन: बोर्दो, बारोलो, रिओहा की पोर्ट?

बाटली निवडण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: जोडपं ती ठेवणार कुठे आणि लग्नाच्या कितव्या वाढदिवसाला उघडणार? बहुतेक रेड वाईन पहिल्या काही वर्षांतच पिण्यासाठी केलेल्या असतात. वीस वर्षं मुरून चांगली व्हायची तर तिच्यात टॅनिन (द्राक्षांच्या सालीतून येणारा तुरटपणा) आणि आम्लता दोन्ही भरपूर हवीत. शिवाय 12 ते 14 अंशांची स्थिर, अंधारी जागा हवी आणि बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवायला हवी. फ्रिजवर किंवा ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवलेली सर्वोत्तम बाटलीही वाया जाते.

अशी जागा नसेल, तर मी डोळे मिटून रिओहाची ग्रान रेझेर्वा देईन. ही स्पॅनिश वाईन किमान पाच वर्षं मुरवूनच बाजारात येते, त्यातली निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात. पुढच्या महिन्यात उघडली तरी ती तयार असते, आणि जपून ठेवली तर आणखी दहा वर्षं सहज टिकते.

जागा असेल, तर खरी निवड बोर्दो आणि बारोलो यांच्यात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या नदीच्या डाव्या तीरावरची, म्हणजे पोयाकसारख्या गावातली वाईन प्रामुख्याने कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांची असते: गडद, भरदार, चवीला ओळखीची. पण इथे द्राक्षांच्या तोडणीचं वर्ष पाहावंच लागतं. 2016 उत्तम, 2013 मात्र कमकुवत. बारोलो इटलीतल्या पिडमाँटची, निव्वळ नेब्बिओलो द्राक्षांची. तिच्या फिक्या रंगावर जाऊ नका. तरुणपणी तिचं टॅनिन हिरड्या आवळून धरतं. पंधरा वर्षांनी मात्र त्याच बाटलीतून सुकलेल्या गुलाबांचा आणि डांबराचा वास येतो. त्यासाठी थांबायला तयार असलेल्या जोडप्याला मी बारोलोच देईन. वाईनची फारशी सवय नसलेल्यांना बोर्दो बरी, आणि जमलं तर दीड लिटरची मॅग्नम. मोठ्या बाटलीत वाईन सावकाश मुरते.

पंचविसाव्या वाढदिवसासाठी व्हिंटेज पोर्टइतकी, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या पोर्तुगालच्या पोर्टइतकी, भरवशाची दुसरी वाईन नाही. द्राक्षांचं स्पिरिट घातल्यामुळे तिच्यात सुमारे 20 टक्के अल्कोहोल असतं आणि ती कित्येक दशकं टिकते. 2011 हे तिचं गाजलेलं वर्ष. पण ती गोड असते, तळाशी गाळ धरते आणि उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. गोड न आवडणाऱ्यांना ती देऊ नये.

लग्नाच्याच वर्षाची बाटली हवी असा अनेकांचा आग्रह असतो. लग्नाच्या दिवशी ती मिळणार नाही, कारण बारोलोला तोडणीनंतर किमान 38 महिने मुरवावं लागतं. तेव्हा लग्नात रिओहा द्या आणि त्या वर्षाची बारोलो चौथ्या वाढदिवसाच्या सुमारास पोचवा. आधी तेवढं ते वर्ष कसं गेलं, याची चौकशी करा.