लंडनला वाढदिवसाचं सरप्राइज, आणि सगळ्यात भारी निघाली ती बिनड्रायव्हरची डीएलआर

लिहायला बसले होते आमच्या लंडन ट्रिपबद्दल, पण पहिली चार वाक्यं खोडल्यावर लक्षात आलं की मला लिहायचंय ते डीएलआरबद्दलच. डीएलआर म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वे. लंडनला लहान पोरांना घेऊन जाणाऱ्यांच्या लिस्टमध्ये ही कधी नसते, असते तर "ग्रीनविचला जायला ही पकडा" एवढीच. माझ्या मते तीच फिरायला जायची जागा आहे, बाकीचं मधे लागतं ते.

लेक सात वर्षांची झाली. तिला ट्रेनचं वेड आहे, आणि साधंसुधं नाही, ट्रेनचं पझल आणलं तर आधी डबे मोजणार आणि इंजिनाला बफर काढले नाहीत म्हणून चित्रकारावर चिडणार. तर मी आणि नवऱ्याने ठरवलं की यंदा पार्टी नको, वीस पोरं नकोत, रिटर्न गिफ्टच्या पिशव्या नकोत, दोन दिवस लंडनला न्यायचं आणि स्टेशनवर पोचेपर्यंत सांगायचंच नाही. आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला राहतो, सकाळची गाडी घेतली की जेवायच्या आत लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन. ती झोपल्यावर गुपचूप बॅग भरली, तिला सांगितलं की बाबाचं काहीतरी काम आहे, तू पण चल.

प्लॅटफॉर्मवर सांगितलं, "आपण लंडनला चाललोय!" मी मोबाइल धरून तयार, आता ती उड्या मारणार आणि मी व्हिडिओ काढणार. तिने बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "हत्ती घेतला?"

हत्ती घेतला नव्हता. हत्ती म्हणजे तिचं सॉफ्ट टॉय, एक कान चावून चावून सपाट झालेलं, त्याच्याशिवाय ती कुठेही झोपत नाही आणि हे मला माहीत असून मी विसरले, कारण चोरून बॅग भरताना डोकं फक्त "पकडलं जायचं नाही" यावर होतं. पीटरबरो येईपर्यंत रडत होती. शेजारच्या बाईंनी बिस्किट दिलं, तेही नको. तिची बॅग तिने स्वतः भरली असती तर हत्ती सगळ्यात आधी आत गेला असता ना. शिवाय "किती झोपा राहिल्या" म्हणून रोज विचारण्यात तिला जी मजा येते ती आम्ही सरप्राइजच्या नादात सगळीच काढून घेतली होती. सरप्राइज आमच्यासाठीच होतं हो, व्हिडिओसाठी.

पहिला दिवस पटकन सांगून टाकते. नॅचरल हिस्ट्री म्युझियमला गेलो, एंट्री फुकट आहे पण वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा. साउथ केन्सिंग्टन स्टेशनपासून म्युझियमपर्यंत जमिनीखालून पायी जायचा जुना बोगदा आहे, १८८५ चा, पाऊस असला तर फारच सोयीचा, आणि पोरांना तिथे आवाज घुमवायला आवडतो. आत मोठ्या हॉलमध्ये ब्लू व्हेलचा सांगाडा टांगलाय, नाव होप, लांबी २५.२ मीटर. हा देवमासा १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर येऊन अडकला होता, आणि २०१७ पासून या हॉलमध्ये सूर मारल्यासारखा लटकतोय. लेकीने मान वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा म्हणजे किती डबे?" नवऱ्याला उत्तर देता येईना. तो प्रश्न लक्षात ठेवा.

संध्याकाळी एका नावाजलेल्या जागेची महागडी तिकिटं काढली होती, बर्थडे स्पेशल म्हणून. नाव घेत नाही. वेळेचं तिकीट असूनही पाऊण तास रांग, आत गेल्यावर गर्दीत तिला फक्त लोकांच्या बॅगा दिसल्या, आणि बाहेर पडायचा रस्ता अर्थातच खेळण्यांच्या दुकानातून. दुकानात एक हत्ती होता. तिने तो उचलला, वास घेतला आणि परत ठेवला. माझ्या पोटात कालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला आज काहीच बुकिंग नाहीये, चला नुसतं डीएलआरने फिरू. मला वाटलं हा थकलाय आणि कंजूषपणा करतोय. दोन्ही खरं होतं, पण आयडिया बरोबर निघाली.

ही गाडी कॉम्प्युटरवर चालते, पुढे ड्रायव्हरची केबिनच नाहीये. म्हणजे जिथे ड्रायव्हर बसायचा तिथे चक्क प्रवाशांच्या सीट आहेत, समोर भली मोठी काच आणि काचेत रूळ. १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हा ११ छोट्या गाड्या आणि १५ स्टेशनं होती, आता ४५ स्टेशनं आहेत. जहाजांच्या जुन्या गोद्या (डॉक) बंद पडून सगळा भाग ओसाड झाला होता, तिकडे परत वस्ती आणि ऑफिसं यावीत म्हणून ही स्वस्तातली रेल्वे टाकली, काही ठिकाणी तर जुन्याच पुलांवरून. बँक नावाच्या स्टेशनवरून निघालं की आधी बोगदा, मग गाडी चढ चढून उजेडात येते आणि विटांच्या कमानींवरून घरांच्या छपरांच्या लेव्हलला पळायला लागते, ती कमानीवरची लाइन १८४० ची आहे आणि सुरुवातीला तिथे गाड्या इंजिनाने नाही तर दोराने ओढायचे. हे नवऱ्याने सांगितलं तेव्हा लेकीने पहिल्यांदा त्याच्याकडे जरा आदराने बघितलं.

पुढची सीट कशी मिळवायची ते सांगते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. मधल्या स्टेशनवर चढलात तर विसरा, तिथे आधीच कोणीतरी बसलेलं असतं, आणि ते लहान मूलच असेल असं नाही, आमच्या वेळी सूट घातलेले एक काका होते आणि त्यांना उठायची अजिबात इच्छा नव्हती. त्यामुळे जिथून गाडी सुटते तिथूनच बसा, म्हणजे बँक नाहीतर टॉवर गेटवे. प्लॅटफॉर्मवर गाडी ज्या दिशेला सुटणार त्या टोकाला जाऊन उभं राहा. तरी कोणी आधी घुसलं तर ती गाडी सोडा, पुढची थोड्याच वेळात येते. आम्ही दोन सोडल्या, तिसरीत मिळाली.

आणि मग पोरगी बोललीच नाही. म्हणजे आमची पोरगी, जी झोपेत पण बोलते. दोन्ही हात काचेखालच्या त्या कडेवर ठेवलेले, नाक काचेपासून चार बोटं लांब, काचेवर श्वासाची वाफ येतेय ती बाहीने पुसतेय आणि परत हात जागेवर. गाडी वळली की तीही वळते. स्टेशन आलं की पाय दाबते, ब्रेक. शॅडवेल, लाइमहाउस, वेस्टफेरी, मग गाडी उजवीकडे गर्रकन वळते, चाकं किंचाळतात (कान नाजूक असतील त्यांनी तयारी ठेवा), आणि एकदम समोर पाणी आणि कॅनरी व्हार्फच्या उंच बिल्डिंगा आणि गाडी सरळ त्या बिल्डिंगांच्या पोटात शिरते. हेरॉन कीज स्टेशन तर इमारतीतच आहे.

ड्रायव्हर नसला तरी गाडीत एक कर्मचारी असतो, दारं बंद करायची, लोकांना मदत करायची, लागलं तर हाताने गाडी चालवायची. आमच्या गाडीतला माणूस मधल्या एका स्टेशनवर पुढे आला आणि लेकीला म्हणाला, "आता थोडा वेळ मी चालवू का? तू दमली असशील." तिने अगदी गंभीरपणे सीट दिली. त्याने किल्लीने समोरचं झाकण उघडलं तर आत सगळी बटणं आणि हँडल! इतका वेळ ती ज्याच्यावर हात ठेवून बसली होती त्याच्याच खाली! दोन स्टेशनं त्याने चालवली, ही बाजूला उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होती, मग झाकण बंद, किल्ली फिरवली, "घे परत." पैसे देऊन काढलेल्या तिकिटात असला प्रसंग मिळत नाही बघा.

नवरा तेवढ्या वेळात मोबाइलवर शोधत बसला होता. डीएलआरची एक जोडगाडी साधारण २८ मीटर लांब. तिला सांगितलं तशी म्हणाली, "म्हणजे होप एकीत बसेल. शेपटी थोडी दुमडायला पण नको."

आम्ही मडशूटला उतरलो. या नावातच चिखल आहे, जवळच्या मिलवॉल डॉकमधला गाळ काढून पाइपने इथे आणून टाकायचे त्यावरून पडलंय. आता तिथे मोठं फार्म आहे, आत जायला पैसे नाहीत, मेंढ्या, डुकरं, लामा चरतायत आणि त्यांच्या मागे बँकांच्या काचेच्या बिल्डिंगा. बूट खराब होतात, बदलायला एक जोडी ठेवा. आम्ही ठेवली नव्हती (चोरून भरलेली बॅग, परत तेच).

मग एक स्टेशन पुढे आयलंड गार्डन्स. इथून गाडीने नदीच्या पलीकडे जाता येतं पण जाऊ नका, बाहेर पडा, नदीकाठी एक काचेच्या घुमटाची गोल इमारत दिसेल, ते ग्रीनविचच्या पायी बोगद्याचं तोंड. थेम्स नदीच्या खालून चालत जायचं, साधारण ३७० मीटर, १९०२ चा बोगदा आहे, पांढऱ्या टाइल्स लावलेला. या बाजूला उतरायला ८७ पायऱ्या आणि पलीकडे चढायला १००, लेकीने मोठ्याने मोजल्या आणि दोन्ही आकडे बरोबर आले म्हणून ती दिवसभर खुश. उत्तरेकडच्या टोकाला थोडा भाग एकदम अरुंद होतो, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने तिथे नुकसान झालं होतं ते आतून जाड लोखंडी कडी बसवून दुरुस्त केलं. तिथून जाताना तिने माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "आता वर बोटी असतील?" असतील म्हटलं. मग सगळा बोगदा ती वाकून चालली, बोटींना डोकं लागू नये म्हणून.

पलीकडे कटी सार्क जहाज आहे १८६९ चं, आम्ही बाहेरूनच बघितलं, बाकावर बसून सँडविच खाल्ले. टेकडीवरच्या ऑब्झर्वेटरीच्या छपरावर एक लाल गोळा आहे, जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून १८३३ पासून रोज दुपारी १ ला तो खाली पडतो. आम्ही १ वाजून ४ मिनिटांनी पोचलो. असो. येताना कटी सार्क स्टेशनवरून डीएलआर, आता नदीखालून पण गाडीने. पुढची सीट मिळाली नाही, तिने फारसं मनावर घेतलं नाही, चढताच त्या गाडीतल्या कर्मचाऱ्याला जाऊन सांगितलं की मी सकाळी चालवलीये.

आता कामाच्या गोष्टी. ११ वर्षांखालची चार मुलं तिकीट काढलेल्या एका मोठ्या माणसाबरोबर फुकट जातात, ट्यूबमध्येही (म्हणजे लंडनची भुयारी मेट्रो) आणि डीएलआरमध्येही, त्यासाठी वेगळं काही काढावं लागत नाही. मोठ्यांनी आपापलं कार्ड टॅप करायचं, दोघांत एक कार्ड चालत नाही. आणि इथे आमची चूक झाली: डीएलआरच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नाहीत, नुसता खांबावर रीडर असतो, त्यामुळे उतरताना टॅप करायचं मी साफ विसरले, लामा दिसले होते ना. बाहेर पडताना टॅप केलं नाही की प्रवास अर्धवट धरतात आणि जास्तीत जास्त भाडं कापतात. वेबसाइटवर जाऊन दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, तो मी घरी येऊन केला. वीकेंडला रुळांच्या कामासाठी काही पट्टे बंद असतात, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. ऑफिसला जायच्या वेळेत मुलांना नेऊ नका, उभं राहायलाही जागा नसते आणि पुढची काच दिसायची तर बातच सोडा. टॉयलेट गाडीत नाही, बऱ्याच स्टेशनांवर पण नाही, जिथे दिसेल तिथे जाऊन घ्या.

रात्री आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. लेकीने त्यांना व्हेलबद्दल काही नाही सांगितलं, महागड्या जागेबद्दल तर एक शब्द नाही. आजोबा विचारतायत, "अगं पण ड्रायव्हर नाही म्हणजे? रुळावर कोणी आलं तर?" ती म्हणाली, रुळांच्या मधे वायर आहे, त्यातून गाडी कॉम्प्युटरशी बोलते, आणि शिवाय मी पुढेच होते.

डीएलआरला पाचपैकी पाच. सरप्राइजला दोन, तेही नवऱ्याच्या आग्रहाखातर. पुढच्या वर्षीची तारीख तिने आत्ताच कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलीये, टॉवर गेटवेला बसून बेक्टनच्या टोकापर्यंत जायचंय, आणि बॅग ती स्वतः भरणार आहे. हत्ती पुढे बसेल, मी मागे.