शाहू स्टेडियमचं लाइव्ह : कॅमेरा पास, कॉमेंट्री काठावर

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील विरुद्ध शिवाजी किंवा दिलबहार विरुद्ध प्रॅक्टिस असा स्थानिक संघांचा काटा किर्र सामना लागला, की राजर्षी शाहू स्टेडियमची गॅलरी दुपारीच भरते. ज्यांना आत जागा मिळत नाही, जे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत किंवा आखातात आहेत, त्यांचा सगळा भरवसा मोबाइलवरच्या लाइव्हवर. स्पर्धेगणिक लाइव्ह करणारे बदलतात, पद्धत मात्र थोड्याफार फरकानं तीच. म्हणून हे परीक्षण कुणा एकाचं नाही. लाइव्ह, कॉमेंट्री, रात्रीच्या रील, सकाळची बातमी आणि तज्ज्ञांच्या गप्पा अशा अख्ख्या पंगतीचं आहे.

कौतुक कॅमेऱ्याचं, म्हणून तिथूनच सुरुवात. गॅलरीच्या वरच्या पायऱ्यांवर, मधल्या रेषेसमोर एक ट्रायपॉड, एक कॅमेरा आणि तो फिरवणारं एक पोरगं. एवढ्या सामानात पूर्ण सामना न तुटता दाखवणं सोपं नाही. ते पोरगं खेळ ओळखून असतं: गोलकीक व्हायच्या आधीच कॅमेरा मधल्या पट्ट्यात नेऊन ठेवतं, कॉर्नरला आधी डी (गोलपुढचा पेनल्टीचा चौकोन) धरतं, मग चेंडू.

बिघडतं ते झूमनं. चेंडू डीजवळ आला की कॅमेरा आत घुसतो आणि स्क्रीनवर चार माणसं उरतात. पलीकडच्या बाजूला मोकळा पळणारा विंगर चौकटीतच नसतो, त्यामुळं गॅलरी एकदम “सोड की, सोड की!” म्हणून का ओरडली ते घरी बसलेल्याला कळत नाही. बचाव करणाऱ्या संघाची शेवटची फळी चौकटीबाहेर जाता कामा नये. डी आणि मधली रेषा दोन्ही दिसतील एवढंच झूम ठेवलं, तर नव्वद टक्के तक्रार मिटते. माणसं बारीक दिसतात, दिसू देत. नंबर कळला नाही तरी चालतो, खेळ कळायला हवा.

दुसरी अडचण पट्ट्यांची. सामने फुकट दिसतात म्हटल्यावर जाहिराती येणारच, त्याबद्दल वाद नाही. पण खालची पट्टी नेमकी जवळच्या टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर बसते आणि थ्रो-इन सराफाच्या जाहिरातीखाली गाडला जातो. तीच पट्टी वर, आभाळ आणि समोरची गॅलरी दिसते तिथं लावली, तर कुणाचंच नुकसान नाही. स्क्रीनवरचं घड्याळही शिट्टीबरोबर सुरू झालेलं आहे का, ते बघून घ्यावं. बऱ्याचदा ते मिनिटा-दोन मिनिटांनी सुरू होतं आणि मग गोल लाइव्हवर एका मिनिटाला, पेपरात दुसऱ्याच मिनिटाला होतो.

आता कॉमेंट्री. मोठ्या वाहिन्यांवर फुटबॉल म्हटलं की इंग्रजी, हिंदी, बंगाली, मल्याळम. आयपीएलला २०२३ मध्ये मोबाइलवर मराठी कॉमेंट्री मिळाली, फुटबॉलला मात्र सलग नव्वद मिनिटं मराठीत बोलणारा माणूस ऐकायचा तर तो शाहू स्टेडियमवरच. त्याची जमेची बाजू मोठी आहे. पाठमोरा खेळाडू नुसत्या चालीवरून ओळखतो, कोण कुठल्या तालमीतून (पेठेतल्या तालीम मंडळाच्या संघातून) कुठल्या संघात गेला ते त्याला तोंडपाठ, आणि पेठेत ज्या नावानं हाक मारतात त्याच नावानं तो बोलतो. असा माणूस स्टुडिओत बसवून मिळत नाही.

मग काठावर पास का? कारण तो रेडिओवर असल्यासारखा बोलतो. चेंडू याच्याकडं, याच्याकडून त्याच्याकडं, जोरदार फटका, बाहेर! हे सगळं स्क्रीनवर दिसतंच आहे. जे दिसत नाही ते सांगायला हवं: उजवा बॅक सारखा वर का जातोय, मधला माणूस खाली उतरल्यानं कुणाला जागा मिळाली, बदली खेळाडू कुणाच्या जागी आला आणि रचना तीच राहिली की बदलली. बदलीची घोषणा मैदानातल्या भोंग्यावरून होते आणि नेमक्या त्याच वेळी कॉमेंट्री देणगीदारांची नावं वाचत असते. (भोंग्याचा आवाज कॉमेंट्रीच्या माईकमध्ये शिरून दोन्ही ऐकू येईनासे होतात, ते निराळंच. तोंडाजवळचा हेडसेट माईक आणि गॅलरीच्या आवाजाला वेगळा माईक, एवढ्यानं ते भागतं.)

बदलीकडं लक्ष का द्यायचं, याचं उदाहरण कोल्हापुरात सगळ्यांनी पाहिलेल्या सामन्यातलं आहे. १८ डिसेंबर २०२२, विश्वचषकाची अंतिम लढत, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. फ्लेक्सवर मेस्सी आणि एम्बापे होते, पण पहिल्या तासाचा सामना अर्जेंटिनाच्या डि मारियाचा. त्याला डावीकडं उतरवलं होतं. २३व्या मिनिटाच्या पेनल्टीआधी डेम्बेलेनं पाडलं ते त्यालाच, आणि ३६व्या मिनिटाचा गोल त्याचाच. ४१व्या मिनिटाला फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँनी डेम्बेले आणि जिरू दोघांना बाहेर काढलं. ६४व्या मिनिटाला डि मारिया बाहेर गेला आणि ८० व ८१व्या मिनिटाला एम्बापेनं दोन गोल फेडले. डि मारिया गेला एवढं एकच कारण त्यामागं नव्हतं, पण ३-३ आणि मग टायब्रेकरला ४-२ इथवर सामना कसा आला, हे या बदल्या सोडून सांगताच येत नाही. शाहू स्टेडियमवरही दोन-शून्यची आघाडी शेवटच्या दहा मिनिटांत जाते तेव्हा “दमछाक झाली” एवढ्यावर कॉमेंट्री थांबते. कोण दमलं, कुठल्या बाजूनं चढाया वाढल्या, ते सांगत नाही.

नियमांत चुका होतात, आणि त्या महाग पडतात. थ्रो-इन, गोलकीक आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड (पास देताना चेंडू आणि समोरचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांच्याही पुढं, गोलकडं असणं) नसतो. नुसतं ऑफसाइड जागेवर उभं राहणं हा गुन्हा नाही, खेळात भाग घेतला तरच. गोलकीपरनं चेंडू हातात धरून ठेवण्याचा जुना सहा सेकंदांचा नियम २०२५ मध्ये बदलला. आता मर्यादा आठ सेकंदांची, शेवटची पाच रेफरी हात वर करून मोजून दाखवतो आणि मर्यादा ओलांडली की समोरच्याला कॉर्नर. कॉमेंट्रीत मात्र अजून “सहा सेकंद झाले की राव” ऐकू येतं आणि गॅलरीत मोबाइल कानाला लावून बसलेला समर्थक रेफरीला शिव्या घालायला मोकळा. ईर्ष्येच्या सामन्यात माईकवरचं “ऑफसाइड नव्हताच!” हे एक वाक्य हुल्लडबाजीला पुरतं.

तो ऑफसाइड मोबाइलवर कळतो का? बहुतेक वेळा नाही, आणि का नाही ते समजून घ्यावं. लाइव्ह सेकंदाला ३० फ्रेमचं असतं. जोरात पळणारा खेळाडू सेकंदाला ७ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये सुमारे २३ सेंटिमीटर. फॉरवर्ड आत पळतोय आणि बचावपटू त्याच वेगानं बाहेर निघालाय असं असेल, तर एका फ्रेमचा फरक म्हणजे जवळपास अर्धा मीटर. पास सुटला ती नेमकी फ्रेम सापडली नाही तर सगळा वाद फुकट. संगणकावर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी एकेक फ्रेम मागं-पुढं करता येते. पास देणाऱ्याचा बूट चेंडूला पहिल्यांदा लागतो ती फ्रेम धरायची. कॅमेरा मधल्या रेषेसमोर असल्यामुळं डीजवळची माणसं तिरकी दिसतात, म्हणून स्क्रीनवर सरळ उभी पट्टी लावून उपयोग नाही. डीची पुढची, गोलरेषेपासून साडेसोळा मीटरवरची रेषा स्क्रीनवर जेवढी कलती दिसते, साधारण त्या कलानं नजर फिरवायची. एवढं करूनही फरक फूटभर निघाला, तर लाइन्समनचं खरं मानावं. तो रेषेत उभा होता, आपण नव्हतो.

रीलवर तर हे काहीच चालत नाही. आडव्या चित्रातून उभी रील कापली की मूळ रुंदीचा एक तृतीयांशाहून कमी भाग उरतो, बाकीचं मैदान गेलं. शेवटचा बचावपटू त्या कापलेल्या भागात असू शकतो. हँडबॉलच्या रीलही हात लागला तिथूनच सुरू होतात. आधी चेंडू किती अंतरावरून आला, हात शरीराला चिकटलेला होता की पसरलेला, हे गायब. खालच्या शंभर कॉमेंट त्या उरलेल्या तुकड्यावर. संगीत लावलेल्या रीलवरून रेफरीचा निवाडा करू नये.

सकाळची बातमी जागेच्या बाबतीत दिलदार आहे. स्थानिक क्लब फुटबॉलला फोटोसकट एवढा रकाना राज्यात क्वचितच कुठं मिळत असेल. पण वाक्यं साच्यातली. “शॉर्ट पासिंगचा अवलंब करत चढायांचा धडाका”, “समन्वयाअभावी गोल होऊ शकला नाही”, “कमकुवत फिनिशिंगमुळं संधी वाया”. संघांची नावं अदलाबदल केली तरी बातमी बसते! गोल करणारा आणि मिनिट मिळतं, पास कुणाचा ते कधी मिळतं कधी नाही, बदल्या जवळपास कधीच नाहीत. पिवळी कार्डं छापावीत, कारण पुढच्या सामन्यात कोण सांभाळून खेळणार हे त्यावरून कळतं. बातमीतली सर्वांत वाचनीय ओळ बहुधा शेवटची: सामनावीर आणि लढवय्या ही दोन बक्षिसं. सामनावीर गोल करणाऱ्यांतलाच असतो. लढवय्या बघावा. मार खाऊन उभा राहिलेला स्टॉपर (मधला बचावपटू) किंवा मिडफिल्डर तिथं सापडतो.

खेळाडूंबद्दलची मतंही याच रकान्यांवर पोसली जातात. गोल किती, एवढ्यावर माप. आपला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेत भारतानं तीन सामन्यांत एकच गोल केला, तोही कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं, हेडरनं. पुढं खेळणाऱ्या पोरानं किती पळून बचाव ओढला, ते गोलाच्या रकान्यात कुठून येणार? स्थानिक फॉरवर्डला तोलताना तीन गोष्टी मोजाव्यात: पाठीवर माणूस असताना किती चेंडू राखले, चेंडू गेल्यावर परत किती वेळा पळाला, आणि डीत किती वेळा स्पर्श झाला. वहीत रेघा मारल्या तरी पुरतं. दोन सामन्यांत बाहेरून आणलेल्या महागड्या खेळाडूचाही हिशेब लागतो.

सामन्यानंतर गप्पा मारणारे जुने खेळाडू हा या पंगतीतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाया घालवलेला पदार्थ. माणूस खेळलेला आहे, त्याला दिसतं. पण समोर बसलेला विचारतो, “आजच्या सामन्याबद्दल काय सांगाल?” उत्तर येतं, “दोन्ही संघ चांगले खेळले.” कारण घरी परत त्याच पेठेतून जायचंय. प्रश्न बारीक केला तर तोच माणूस खुलतो. दुसऱ्या गोलला गोलकीपर पहिल्या खांबाकडं का झुकला होता? फ्री-किकला भिंतीत किती माणसं हवी होती? पाटीवर खडूनं खुणा करायला दिल्या तर आणखी उत्तम. पाच मिनिटं पुरतात, तासाभराच्या गप्पा नकोत.

बघायची तयारी अशी. पूर्ण एचडी नको. ३ एमबीपीएसनं (सेकंदाला ३ मेगाबिट) चालणारं लाइव्ह मध्यांतर धरून पावणेदोन तासांत सुमारे २.४ जीबी खातं. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर तो साधारण ६७व्या मिनिटाला संपणार, म्हणजे मध्यांतर वजा जाता उत्तरार्धाच्या पहिल्या सहा-सात मिनिटांत. गुणवत्ता हातानं ४८० वर ठेवली तर ८०० एमबीच्या आसपास काम होतं. ‘ऑटो’वर सोडू नका, ऐन टायब्रेकरला चित्र चौकोनी होतं. लाइव्ह १५ सेकंदांपासून पाऊण मिनिटापर्यंत मागं असतं. टाइमलाइनवरच्या ‘लाइव्ह’वर बोट ठेवलं की थोडं पुढं येतं, पण नेटवर्क कच्चं असेल तर अडखळतं, तेव्हा मागं राहिलेलंच बरं. आणि तालमीच्या ग्रुपच्या सूचना दोन तास बंद ठेवा. गोल तिथं आधी होतो.