गावच्या वाचनालयातील संगणक सेवा : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावचे सार्वजनिक वाचनालय ‘क’ वर्गाचे असून त्याच्या मागच्या खोलीत चार संगणक, एक प्रिंटर आणि इंटरनेटची जोडणी आहे. ही सेवा मी वर्षभर, आठवड्यातून साधारण दोनदा, वापरत आलो आहे. वाचनालयाचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगितल्या आहेत त्या तालुक्यातील इतर वाचनालयांतही मी पाहिल्या आहेत आणि आमच्या वाचनालयाने तर त्या स्वतः शोधून काढण्याची तयारी दाखवली आहे.

अशा सेवेला चांगले किंवा वाईट म्हणायचे ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला आणि 1970 च्या नियमांनुसार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. ही वर्गवारी मुख्यतः ग्रंथसंख्या, येणारी वृत्तपत्रे व नियतकालिके, वाचनालय उघडे राहण्याची वेळ अशा मोजता येण्याजोग्या गोष्टींवर उभी आहे. पुस्तकांच्या बाबतीत ती उपयोगीही ठरली आहे. खेड्यापाड्यांत वाचनालये टिकून राहिली त्यात वर्गानुसार मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा वाटा मोठा आहे. मात्र साधनसामग्रीच्या नोंदवहीत ‘संगणक 4’ असे लिहिले म्हणजे त्या चार संगणकांवर गावातील किती माणसांचे काम पार पडले, हे कळत नाही.

अमेरिकेत अर्बन लायब्ररीज कौन्सिल या शहरी ग्रंथालयांच्या संघटनेने गेट्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने ‘एज’ नावाची मानके तयार करून 2014 मध्ये ती देशभरातील सार्वजनिक ग्रंथालयांना उपलब्ध करून दिली. एकूण 11 मानके असून समाजाला मिळणारा उपयोग, समाज व निर्णय घेणारे यांच्याशी असलेला संबंध आणि संस्थेचे व्यवस्थापन अशा तीन भागांत ती विभागलेली आहेत. मला त्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की तेथे ग्रंथालय स्वतःच स्वतःची तपासणी करते आणि नोकरी, शिक्षण, आरोग्य, सरकारी सेवा या गरजांसाठी आपण नेमके काय करतो याचे उत्तर शोधते. तिकडची मानके जशीच्या तशी आमच्याकडे लागू पडणार नाहीत, पण प्रश्न विचारण्याची ही रीत नक्कीच लागू पडते. आमच्या ग्रंथपाल ताईंशी बोलून आम्ही चारच प्रश्न निवडले: माणूस कोणत्या कामासाठी आला, काम झाले का, किती वेळ लागला, आणि झाले नसेल तर कशामुळे. संगणकखोलीच्या दाराशी एक दोनशे पानी वही ठेवली आणि तीन महिने त्यात नोंदी केल्या.

वही उघडण्यापूर्वी संचालक मंडळासह आम्हा सर्वांची समजूत अशी होती की कामे अडतात ती लाईन जाते म्हणून. लाईन जाते हे खरेच आहे, विशेषतः मृगाच्या वादळवाऱ्यात, आणि इन्व्हर्टरवर दोनच संगणक चालतात. परंतु नोंदी वाचल्यावर दिसले की सर्वाधिक माणसे परत गेली ती ओटीपी न मिळाल्यामुळे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेल्या मुलीचा ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर आणि वडील वावरात. पीकविम्यासाठी आलेल्या आजोबांच्या आधारला जोडलेला मोबाईल पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात. “भाऊ, इथं सातबारा निंगते काय?” असे विचारत येणाऱ्याला महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारा पाहायला मिळत असे, पण बँकेला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हवा असे, आणि त्याचे 15 रुपये ऑनलाईन भरण्याची सोय त्याच्याजवळ नसे. नवा संगणक किंवा अधिक वेगाचे इंटरनेट आणून यांतली एकही अडचण सुटली नसती. त्यावर उपाय निघाला तो एका फलकाचा: कोणत्या कामाला कोणता कागद, कोणता मोबाईल आणि किती पैसे लागतात हे ठळक मराठीत लिहून तो बाहेरच्या भिंतीवर, वाचनालय बंद असतानाही दिसेल असा लावला. त्यानंतर रिकाम्या हाताने परतणारे स्पष्टपणे कमी झाले आहेत. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याचे जे सूत्र सांगितले आहे, ते आमच्या गावात मी प्रथम या फलकामुळे अमलात आलेले पाहिले.

ग्रंथसूचीच्या बाबतीत मात्र माझा अभिप्राय प्रतिकूल आहे. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची यादी, संगणकात भरून घेण्यात आली, पण ते काम कोणत्याही संगणकावर सारखेच वाचता येणाऱ्या युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये झाले. त्या एका संगणकावर अक्षरे नीट दिसतात. तीच फाईल मोबाईलवर किंवा शेजारच्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि देवनागरीत लेखकाचे नाव टाकून शोध घेतल्यास काहीही सापडत नाही. परिणामी हजारो पुस्तकांची नोंद असूनही वाचक आजही कपाटापुढे उभा राहून पुस्तक शोधतो. हे टाळता आले असते. कोहा ही ग्रंथालयाचे काम सांभाळणारी संगणक प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयांसाठी तयार झाली, जानेवारी 2000 पासून वापरात आहे आणि कोणालाही विनामूल्य घेता येते. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणालीही आहे, आणि दोन्ही युनिकोडवर चालतात. फॉन्ट बदलून नोंदी तपासण्याचे काम ताईंनी गावातील दोन महाविद्यालयीन मुलींच्या मदतीने हाती घेतले आहे, पण ते पाठ्यपुस्तकांच्या कपाटापलीकडे अजून गेलेले नाही, आणि जोपर्यंत ते पूर्ण होत नाही तोपर्यंत सूचीला मी उपयोगी म्हणू शकत नाही.

याहून गंभीर गोष्ट मला ‘डाउनलोड्स’च्या फोल्डरमध्ये आढळली. तेथे गावातील माणसांची आधारपत्रे, बँक पासबुकाची पाने आणि जातीचे दाखले महिनोन् महिने तसेच पडून होते, आणि ब्राउझरने काहींचे पासवर्डही जपून ठेवले होते. कोणाचा हेतू वाईट नव्हता. काम झाल्यावर पुसून टाकायचे असते, हे कोणी सांगितलेच नव्हते. आता प्रत्येक संगणकावर पाहुण्यासाठी वेगळे खाते आहे आणि रात्री कुलूप लावण्यापूर्वी फोल्डर रिकामे केल्याची सही वहीत होते. ही सही तपासणीच्या मानकांत आली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, कारण ज्याच्या जमिनीचे आणि खात्याचे कागद उघडे पडतात त्याचे नुकसान पुस्तक हरवण्याहून कितीतरी मोठे असते.

एका दृष्टिबाधित तरुणासाठी एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवून देण्यात आले. मराठी उच्चार यांत्रिक वाटतो, पण तो तरुण स्पर्धा परीक्षेचे साहित्य आता स्वतः ऐकतो. हेडफोन एकच आहे. प्रिंटर चांगला चालतो, दर वाजवी आहेत.

वेळेचा प्रश्न राहतोच. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते आठ उघडे असते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना, मैदानावरची धाव संपवून येण्यास, ही वेळ सोयीची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र मजुरीवरून दिवेलागणीला परतून स्वयंपाकाला लागणाऱ्या बायका त्या वेळेत येऊ शकत नाहीत. तीन महिन्यांच्या वहीत स्त्रियांच्या नावांपुढील कामे बहुतेक विद्यार्थिनींची आहेत, शेतमजूर बाई क्वचितच आढळते. बाजाराच्या दिवशी दुपारी दोन तास खोली उघडी ठेवावी, अशी सूचना मी लेखी दिली आहे आणि मंडळाने ती पुढील बैठकीत घेण्याचे मान्य केले आहे. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या त्या खोलीत दुपारी बसणे अशक्य आहे, त्यामुळे निदान चैत्र ते ज्येष्ठ ही वेळ समोरच्या वाचनकक्षात, एका संगणकावर का होईना, द्यावी लागेल.

सरकारी अर्ज, निकाल, उतारा किंवा छपाई यांसाठी ही सेवा निःसंकोच वापरावी. सकाळी नऊच्या आत गेल्यास संगणक लगेच मिळतो. आधारला जोडलेला मोबाईल सोबत न्यावा, काम झाल्यावर आपली फाईल आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्यावी आणि बाहेर पडताना वहीत नोंद करावी, विशेषतः काम झाले नसेल तर. पुस्तक हवे असल्यास मात्र तूर्त थेट ताईंनाच विचारावे.