लग्नाची पैठणी: शहरातलं प्रदर्शन की थेट येवला?

लग्नसराईच्या तोंडावर पुण्या-मुंबईत नवरीसाठी खास प्रदर्शनं भरतात. पैठणी, कांजीवरम, बनारसी शालू, सगळं एका छताखाली. अंगावर टाकून बघता येतं, आई आणि होणाऱ्या सासूबाईंचं एकमत तिथल्या तिथे होतं (किंवा होत नाही). पण हॉलच्या पिवळ्या दिव्यांत रंग फसवतो. साडी दाराशी, उजेडात नेऊन बघाच. आणि ‘ऑफर आजच्यापुरतीच’ म्हणणाऱ्याकडून दुकानाचा कायमचा पत्ता असलेलं बिल घ्या. रविवारी रात्री स्टॉल उठला की बदलून कोण देणार?

येवला नाशिकपासून साधारण ८० किलोमीटर. इथे विणकराच्या घरातच माग असतो. पदर उलटा करून बघा: हातमागावरचा मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो, यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे सापडतात. येवल्याची म्हणून डोळे झाकून घेऊ नका, यंत्रमागाचा माल तिथेही विकला जातो. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या खास मालाची अधिकृत ओळख) मिळालंय. साडीवरचं ‘सिल्क मार्क’चं लेबल मात्र रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं, साडी हातमागाची असल्याचं नाही.

मुहूर्ताच्या साडीला मी येवलाच म्हणेन. रंग, काठ, बुट्टी सांगून विणून घेता येते. फक्त भरगच्च पदराला काही महिने लागतात. तारीख जवळ आली असेल तर तयार साड्यांतूनच निवडा. रिसेप्शनच्या घागऱ्याला प्रदर्शन उत्तम.