अमेरिकेत आलात, आता खेळ कुठला धरायचा?

अमेरिकेतला पहिला सप्टेंबर नव्या माणसाला गोंधळात टाकतो. सोमवारी ऑफिसात जो तो रविवारच्या सामन्याबद्दल बोलत असतो आणि आयुष्यभर क्रिकेट बघितलेल्या आपल्या माणसाला त्यातलं ओ का ठो कळत नसतं. मग वाटू लागतं की इथला एखादा खेळ आपणही धरावा. पण फुटबॉल (म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉल), बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी आणि सॉकर (म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो) हे सगळे एकदम धरणं नोकरी-संसार सांभाळून कुणालाच जमत नाही. निवड करावी लागते. ती करण्याआधी इथे कुठला खेळ का चालतो हे समजून घेतलं, तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अमेरिकनांना बघायला सर्वात जास्त आवडणारा खेळ विचारला, तेव्हा ४१ टक्के लोकांनी फुटबॉल सांगितला. बेसबॉल १० टक्क्यांवर होता, बास्केटबॉल ९ आणि सॉकर ५. गॅलपच्याच १९४८ च्या पाहणीत बेसबॉल ३९ टक्क्यांवर होता, आणि १९७२ मध्ये फुटबॉल त्याच्या पुढे गेला. अमेरिकन माणसाच्या आक्रमक स्वभावाला फुटबॉल मानवतो, असं स्पष्टीकरण नेहमी ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. १९४८ मधली माणसंही अमेरिकनच होती, आणि त्यांचा जीव बेसबॉलवर होता. मधल्या काळात घरोघरी टीव्ही आला. कुठल्या खेळाने टीव्हीशी कसं जमवून घेतलं, सामने किती ठेवले आणि आलेला पैसा संघांमध्ये कसा वाटला, यावर हा उलटफेर झाला.

आधी फुटबॉल. एनएफएल या त्याच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि साखळीत प्रत्येक संघ फक्त १७ सामने खेळतो. बास्केटबॉलमध्ये ८२ आणि बेसबॉलमध्ये १६२ सामने असतात. बेसबॉलचा संघ मंगळवारी हरला तर बुधवारी पुन्हा मैदानात उतरतो. फुटबॉलमध्ये एक पराभव आठवडाभर जिव्हारी लागतो, म्हणून सामना चुकवायला कुणी तयार नसतं. बहुतेक सामने रविवारी, ठरलेल्या वेळी. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम, म्हणजे बाहेर थंडी वाढत जाते आणि माणसं घरात असतात.

खेळाची रचनाही टीव्हीला सोयीची निघाली. दोन्ही संघ एका रेषेवर समोरासमोर उभे राहतात, कॅमेऱ्याला दोन्ही बाजू दिसतात, चार-सहा सेकंद झटापट होते आणि मग खेळ थांबतो. त्या थांब्यात पुनर्दर्शन दाखवता येतं, समालोचक समजावून सांगू शकतो, जाहिरात टाकता येते. इन्स्टंट रिप्ले पहिल्यांदा वापरला गेला तोच मुळी डिसेंबर १९६३ च्या आर्मी-नेव्ही, म्हणजे लष्कर आणि नौदलाच्या अकादमींमधल्या, फुटबॉल सामन्यात. तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. नवख्याला हे कंटाळवाणं वाटतं. पण गप्पा मारत, खात-पीत, पाहुण्यांबरोबर बघायला हीच रचना सोयीची पडते.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि माझ्या मते तीच सर्वात मोठी. १९६० मध्ये पीट रोझेल एनएफएलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, झाले. सगळ्या संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकायचे आणि पैसा सारखा वाटून घ्यायचा, हे त्यांनी मालकांच्या गळी उतरवलं. तसं करायला कायदेशीर मोकळीक देणारा स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग ॲक्ट १९६१ मध्ये संमत झाला. न्यूयॉर्कच्या संघाला जेवढे टीव्हीचे पैसे, तेवढेच विस्कॉन्सिनमधल्या लाखभर वस्तीच्या ग्रीन बेलाही. तो ग्रीन बे पॅकर्स संघ कुणा धनिकाच्या मालकीचा नाही, सामान्य भागधारकांचा आहे, आणि तरीही तो बड्या शहरांना हरवतो. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा आहे. शेवटच्या क्रमांकावरच्या संघाला पुढच्या वर्षी कॉलेजमधून येणारे खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क मिळतो. त्यामुळे गेल्या वर्षी धूळ खाल्लेल्या संघाचा चाहताही सप्टेंबरमध्ये मनापासून आशा धरतो. ही आशा देशभर पसरलेली आहे, म्हणूनच फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, साडेबारा कोटींहून अधिक लोकांनी बघितला. त्याआधीच्या वर्षी बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेला सामन्यामागे सरासरी एक कोटी दहा लाखांच्या आसपास प्रेक्षक होते.

तुमच्या दृष्टीने फुटबॉलचा सर्वात मोठा फायदा असा की तुमच्या शहरातल्या संघाचे सामने बहुतेक वेळा साध्या अँटेनावर फुकट दिसतात. तोटेही आहेत. तिकिटं महाग, घरचे सामने आठ किंवा नऊच, आणि डिसेंबरमध्ये शिकागो किंवा बफेलोच्या स्टेडियममध्ये बसणं खाऊ नाही. नियम किचकट आहेत. सुरुवातीला एकच गोष्ट बघा: चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. पहिले काही रविवार एवढंच बघितलं तरी बाकीचं हळूहळू उलगडतं. आणि एक गोष्ट मनावर दगड ठेवून स्वीकारावी लागते. या खेळात डोक्याला बसणाऱ्या माराने अनेक खेळाडूंच्या मेंदूचं कायमचं नुकसान झालं आहे. माजी खेळाडूंनी केलेल्या दाव्यात लीगला सुमारे एक अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. ज्याला हे बघवत नाही, त्याने फुटबॉल धरू नये, आणि त्याचं काही चुकतंय असंही मानू नये.

आता बेसबॉल. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला सर्वात लवकर कळणारा खेळ हाच. चेंडू टाकणारा पिचर, मारणारा बॅटर, झेल, धावबादशी मिळताजुळता प्रकार, आणि दोघांमधलं डोक्याचं युद्ध. चेंडू टप्पा घेत नाही आणि मारायला मैदानाचा समोरचा नव्वद अंशांचाच भाग असतो, एवढं एकदा पचनी पडलं की बाकी ओळखीचं वाटतं. दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा इथे उत्तम बॅटर गणला जातो, म्हणजे अपयश पचवायचा हा खेळ आहे, आणि मला तो त्यासाठीच प्रिय आहे.

एके काळी हा खेळ देशाचा कसा झाला, तेही बघण्यासारखं आहे. उन्हाळाभर जवळजवळ रोज सामना आणि तो रेडिओवर. काम करता करता ऐकता यायचा. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुलं या खेळातून अमेरिकन झाली. इटालियन घरातला जो डिमॅजिओ, ज्यू घरातला हँक ग्रीनबर्ग. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि कृष्णवर्णीयांसाठी बंद असलेलं दार उघडलं. शाळा आणि बसमधला वर्णभेद कायद्याने जायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

मग घसरण का झाली? टीव्हीच्या पडद्यावर छोटा चेंडू आणि पसरलेलं मैदान एकत्र मावत नाहीत. १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स आणि जायंट्स दोघेही न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेले आणि ब्रुकलिनच्या एका पिढीचं मन मोडलं. स्थानिक टीव्हीचा बराचसा पैसा ज्याचा त्यानेच ठेवायचा, अशी पद्धत राहिली, त्यामुळे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कचे संघ श्रीमंत झाले आणि छोट्या शहरांचे चाहते एप्रिलमध्येच हताश. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिकाच रद्द झाली, जी दोन्ही महायुद्धांत थांबली नव्हती. शिवाय स्थानिक सामने पैसे मोजायच्या वाहिन्यांवर गेले. मुष्टियुद्धाचं असंच झालं होतं. एके काळी अमेरिकेत पहिल्या फळीत असलेला तो खेळ दर लढतीला वेगळे पैसे घेऊ लागला आणि नव्या पिढीच्या नजरेआड गेला.

तरीही बेसबॉल संपला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हंगामात सात कोटींच्या आसपास तिकिटं विकली जातात. २०२३ मध्ये पिचरवर घड्याळ लावलं, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक वेळ दिला, आणि तीन तासांच्या वर जाणारे सामने सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आले. प्रत्येक संघाचे ८१ सामने घरच्या मैदानावर, त्यामुळे मधल्या वारी वरच्या मजल्याचं तिकीट स्वस्तात मिळतं. बऱ्याच मैदानांत घरचं खाणं नेऊ देतात. संघाच्या संकेतस्थळावर नियम बघून पोळी-भाजीचा डबा खुशाल घ्या. आई-बाबा भारतातून येतात ते बहुधा उन्हाळ्यातच, आणि त्यांना घेऊन जायला याच्याइतकी निवांत जागा नाही. १९१२ पासूनचं बॉस्टनचं फेनवे पार्क किंवा १९१४ पासूनचं शिकागोचं रिग्ली फील्ड जवळ असेल, तर एकदा तरी जाच. टीव्हीवर मात्र सांभाळून. लीगची ऑनलाइन वर्गणी भरली तरी तुमच्याच भागातल्या संघाचे सामने तीत बहुधा दिसत नाहीत. पैसे भरण्याआधी हे तपासा.

बास्केटबॉलची गोष्ट सर्वात आशादायक आहे. १९८० च्या अंतिम मालिकेतला निर्णायक सामना, ज्यात नवख्या मॅजिक जॉन्सनने ४२ गुण केले, तो देशाच्या बऱ्याच भागात थेट दाखवलाच नव्हता, रात्री उशिरा रेकॉर्डिंग दाखवलं. पुढच्या बारा वर्षांत चित्र पालटलं. मॅजिक विरुद्ध लॅरी बर्ड ही चुरस, १९८४ मध्ये आलेला मायकेल जॉर्डन, त्याच वर्षी कमिशनर झालेले डेव्हिड स्टर्न, आणि १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमधला अमेरिकेचा संघ, ‘ड्रीम टीम’. लीगने संघांपेक्षा माणसं पुढे केली. मैदानात एका बाजूला पाचच जण, हेल्मेट नाही, चेहरा स्वच्छ दिसतो. आज मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत बघायला हाच खेळ सर्वात सोपा आहे, म्हणून मुलं तिकडे ओढली जातात. यातली गोम अशी की ८२ सामन्यांत मोठे खेळाडू अधूनमधून विश्रांती घेतात. ज्याच्यासाठी तिकीट काढलं, तोच बाकावर बसलेला दिसू शकतो. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर तरीही मी हाच खेळ सुचवेन, कारण रात्री बघितलेलं दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या बास्केटखाली करून बघता येतं. मुली असतील तर महिलांचे सामने आवर्जून दाखवा. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क या खेळाडूच्या आयोवा विद्यापीठाचा कॉलेज अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी बघितला. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक आहेत, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ वरळीला खेळून गेला.

आइस हॉकीबद्दल थोडक्यात. पडद्यावर पक, म्हणजे खेळायची छोटी रबरी चकती, दिसत नाही, ही तिची जुनी अडचण. फॉक्स वाहिनीने १९९६ मध्ये पकभोवती निळी चमक दाखवून बघितली, पण जुने चाहते चिडले. समोर बसून बघितलेला हॉकी सामना मात्र वेगात सगळ्यांना मागे टाकतो. मिनेसोटा किंवा बॉस्टनला राहत असाल तर एकदा जाऊन मगच ठरवा.

सॉकरचं कोडं मोठं आहे. आपल्याकडे जो खेळ गल्लीत खेळला, तोच माणूस पुढे टीव्हीवर बघतो. अमेरिकेत तसं नाही. उपनगरांतली लाखो मुलं पन्नासेक वर्षांपासून सॉकर खेळतात, आणि मोठी झाल्यावर फुटबॉल बघतात, जो त्यांच्यातल्या बहुतेकांनी कधीच खेळलेला नसतो. ४५ मिनिटं सलग खेळ, जाहिरातीला जागा नाही, म्हणून जुन्या वाहिन्यांना त्यात रस नव्हता. १९९४ चा विश्वचषक इथे झाला तेव्हा ३५ लाखांहून जास्त लोक मैदानावर आले, म्हणजे प्रेक्षक नव्हते असं नाही. पण इथली लीग, एमएलएस, सुरू झाली १९९६ मध्ये, आणि जगातले सर्वोत्तम खेळाडू युरोपात होते. बाकीच्या खेळांत सर्वोत्तम ते घरीच बघायची सवय असलेला अमेरिकन इथे दुय्यम दर्जा मानून घेईना. शिवाय चाहते विभागले गेले: कुणी शनिवारी सकाळी इंग्लंडची लीग बघतो, कुणी मेक्सिकोची. २०२३ मध्ये मेस्सी मायामीला आल्यापासून हवा बदलली आहे. तुम्ही कोल्हापूर किंवा गोव्याचे असाल आणि फुटबॉल म्हटलं की हाच खेळ डोळ्यासमोर येत असेल, तर तो सोडू नका. फक्त ऑफिसातल्या गप्पांसाठी तो अजून फारसा कामाचा नाही.

आणि क्रिकेट? ते सोडायचा प्रश्नच नाही. जून २०२४ मध्ये डॅलसजवळच्या ग्रँड प्रेरीला अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं, तेव्हा सुपर ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा, आणि ऑरॅकलमध्ये इंजिनीअर. ही बातमी अमेरिकन वर्तमानपत्रांनीही मोठ्या कौतुकाने दिली. पण मेजर लीग क्रिकेट ही इथली लीग २०२३ चं पोर आहे, त्याला वेळ लागेल.

म्हणून माझा कौल असा. टीव्हीवर फुटबॉल आणि मैदानावर बेसबॉल ही जोडी धरा. दोघांचे हंगाम मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच एकमेकांवर येतात, त्यामुळे वर्षाचे बाकीचे महिने घरात भांडण होत नाही. मात्र शहर वेगळं सांगत असेल तर शहराचं ऐका. सॅन अँटोनिओला राहत असाल तर तिथला एकमेव मोठा संघ बास्केटबॉलचा स्पर्स आहे, आणि गाव त्याच्यावर जीव टाकतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात, जिथे आपली मंडळी शेजारच्या कॅरी गावात मोठ्या संख्येने आहेत, मोठा व्यावसायिक संघ फक्त हॉकीचा, पण कॉलेज बास्केटबॉलमधलं ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांचं वैर फेब्रुवारीत सगळ्या गावाला पुरून उरतं. ॲन आर्बर, टस्कलूसा किंवा लिंकनसारख्या विद्यापीठाच्या गावात शिकायला आला असाल, तर एनएफएल विसरा आणि शनिवारचा कॉलेज फुटबॉल बघा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात, आणि विद्यार्थ्यांना हंगामाची तिकिटं सवलतीत मिळतात. नोंदणी बहुधा हंगामाच्या कितीतरी आधी होते, तेव्हा प्रवेशाचे कागद हातात आले की लगेच विद्यापीठाच्या तिकीट कार्यालयात चौकशी करा.